हायब्रिड गाडीचा दिवा लागला: मोठ्या बॅटरीवर खापर फोडण्याआधी काय तपासावं?

चाकजोड (पुणे)

नमस्कार मंडळी. हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस, सिटी ईएचईव्ही अशा गाड्या आता आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसतात. त्यांच्यासोबत एक वाक्यही सगळीकडे ऐकू येतं: "हायब्रिड बॅटरी गेली, काही लाख तयार ठेवा." हे ऐकून घाबरलेली माणसं चांगली गाडी मिळेल त्या भावाला विकून मोकळी होतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. मोठी बॅटरी खराब होतच नाही असं नाही, पण संशयितांच्या यादीत तिचा नंबर शेवटी लावायला हवा. आधी तपासायच्या बऱ्याचशा गोष्टी स्वस्त आहेत आणि काही तर घरीच बघता येतात.

खाली लिहितोय ते मुख्यतः टोयोटा पद्धतीच्या यंत्रणेबद्दल आहे. इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरसंचाने जोडलेले असतात. क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यामुळे झिजणारे नेहमीचे भागच कमी. होंडाची रचना वेगळी आहे, पण देखभालीतलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

पहिली गोष्ट कोडची, म्हणजे बिघाडाची नोंद करताना गाडीचा संगणक जो क्रमांक देतो त्याची. दिवा लागला की बॅटरीची केबल काढून "रीसेट" करायची सवय आपल्याकडे फार आहे. कृपया करू नका. दिवा लागला त्या क्षणी वेग, तापमान, व्होल्टेज किती होतं याची नोंद संगणक कोडसोबत ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि निम्मं निदान तिच्यातच असतं. आधी कोड लिहून घ्या, फोटो काढा, मग पुढचं. आणखी एक, बाजारातला स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र) बहुधा फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. हायब्रिड आणि ब्रेकचे संगणक वाचणारा स्कॅनर लागतो, नाहीतर "काही कोड नाही" असं चुकीचं उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट १२ व्होल्टची छोटी बॅटरी. त्याबद्दल कुणी विचारलं की सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

मुग्धा_ठाणे

मीच विचारते! आम्ही तीन आठवडे गावी होतो, गाडी सोसायटीच्या तळघरात. परत आल्यावर बटण दाबलं तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे ख्रिसमससारखे लागले, "रेडी" (गाडी निघायला तयार) मात्र येईना. जवळच्या गॅरेजवाल्याने हायब्रिड सिस्टिमच गेली असं सांगितलं. गाडी अडीच वर्षांची आहे हो. खरंच एवढ्यात जाते का?

चाकजोड

मुग्धाताई, जवळजवळ खात्रीने छोटी बॅटरी उतरली आहे. या गाडीत इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते, पण मोठ्या बॅटरीचे रिले जोडायचे आणि सगळे संगणक जागे करायचे ते या छोट्या बॅटरीच्या जोरावर. तिचा दाब घसरला की संगणक एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि एकदम पाच-सहा दिवे लागतात. एकाच वेळी असंबद्ध दिव्यांची गर्दी झाली की आधी मल्टिमीटर काढायचा.

गाडी बंद असताना, रात्रभर उभी राहिल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा आणि मगच दुसऱ्या कुठल्याही निदानाला हात घाला. गाडी "रेडी" झाल्यावर तोच आकडा साधारण १४ च्या जवळ यायला हवा. आला तर डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा भाग) काम करतोय. नाही आला तर तक्रार त्याच्याकडची.

गाडी पुन्हा इतके दिवस उभी राहणार असेल तर शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास "रेडी"मध्ये ठेवायला सांगा, अर्थात उघड्यावर, कारण इंजिन मधूनमधून सुरू होणारच. नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर उलट बॅटरी उतरते. जंपर केबल कुठे लावायची ते मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत छोटी बॅटरी डिकीत असते आणि बॉनेटखाली फ्यूजपेटीत त्यासाठी वेगळं टोक दिलेलं असतं. बॅटरी बदलताना डिकीतली बॅटरी असेल तर बाहेर वायू नेणारी नळी असलेलीच घ्या. बॉनेटखालची साधी बॅटरी डिकीत बसवू नका.

मुग्धा_ठाणे

११.४ दाखवतेय! चार्जर मागवला. फार आभार.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे २०१२ ची १.८ लिटर इंजिनाची हायब्रिड हॅचबॅक आहे, दीड लाख मैलांच्या पुढे गेलेली. थंडीत सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की दहा-पंधरा सेकंद गाडी अशी हादरते की आरसे थरथरतात. नंतर दिवसभर काही नाही. कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू खाली जातेय, पण ड्राइव्हवेवर एक थेंब नाही. एका दुकानाने कॉइल आणि प्लग बदलले, फरक शून्य. दुसरं दुकान म्हणतंय ट्रान्सअॅक्सल (मोटर आणि गिअरचा संच) गेला.

पाना_१०_१२ (कोल्हापूर)

दादा, आधी ती गाडी चालवायची थांबवा. बाकीचं नंतर.

कूलंट कमी होतंय, खाली सांडत नाही, आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी हादरते. म्हणजे हेड गॅस्केटमधनं (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) पाणी सिलिंडरमध्ये झिरपतंय अशी शंका पहिल्यांदा घ्यायची. गाडी गरम असते तेव्हा कूलंटला दाब असतो. इंजिन बंद केल्यावर तो दाब थोडं थोडं पाणी पिस्टनच्या डोक्यावर ढकलतो. सकाळी तोच सिलिंडर पेटत नाही आणि इंजिन थडथडतं. पाणी जळून गेलं की गाडी गप्प. हायब्रिडमध्ये धोका जास्त, कारण मोटर इंजिनाला एकदम जोरात फिरवते. सिलिंडरमध्ये पाणी जास्त साठलेलं असलं तर पाणी काही दबत नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉडच वाकतो. मग गॅस्केटचं काम इंजिनावर जातं.

तपासायचं असं. संध्याकाळी गरम गाडीच्या कूलिंगला प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी स्टार्ट न करता प्लग काढायचे आणि बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालायचा. एखाद्या पिस्टनचं डोकं बाकीच्यांपेक्षा लख्ख स्वच्छ, धुतल्यासारखं दिसलं किंवा पाणीच साचलेलं दिसलं तर विषय संपला. टाकीच्या तोंडाशी निळं रसायन धरून त्याचा रंग पिवळा होतो का बघायची चाचणीपण आहे, पण गॅस्केट नुकतंच फुटायला लागलेलं असेल तर ती कधी कधी काही दाखवत नाही. बोरस्कोप खोटं बोलत नाही.

आणि बाटलीतलं गळती बंद करायचं औषध टाकू नका. ते हीटरचा कोर आणि ईजीआर कूलरच्या (एक्झॉस्टचा वायू थंड करणाऱ्या भागाच्या) बारीक नळ्या बुजवून ठेवतं.

चाकजोड

पानादादांनी अगदी नेमकं सांगितलं. त्यामागचं कारण थोडं सांगतो, कारण नुसतं गॅस्केट बदलून हे काम पुरं होत नाही.

२०१० ते २०१५ च्या टोयोटा प्रियस या हायब्रिडमधलं १.८ लिटर इंजिन हे याचं जगभर चर्चिलं गेलेलं उदाहरण. त्यात एक्झॉस्टचा थोडा वायू थंड करून परत इंजिनात सोडतात, म्हणजे ईजीआर. त्याने ज्वलनाचं तापमान कमी राहतं आणि सरासरी (मायलेज) वाढते. पण वर्षानुवर्षं काजळी साचून ईजीआर कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली बारीक छिद्रं बुजत जातात. प्रत्येक सिलिंडरचं छिद्र सारखं बुजत नाही. मग एका सिलिंडरला थंड वायू पुरेसा मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही, तिथे तापमान चढतं आणि गॅस्केटवरचा ताण वाढतो. म्हणून अशा इंजिनाचं ईजीआर कूलर, व्हॉल्व्ह, पाइप आणि मॅनिफोल्ड लाखभर किलोमीटरच्या आसपास काढून साफ करणं हे माझ्या मते कुठल्याही ऑइल अॅडिटिव्हपेक्षा शंभर पटीने उपयोगाचं आहे. काम वेळखाऊ आहे, कूलंट काढावं लागतं, पण त्याला भारी सुटे भाग लागत नाहीत.

याच इंजिनात पाण्याचा पंप पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. तोही तपासून घ्या. पंप मंदावला असेल तर नवीन गॅस्केटही टिकणार नाही. कूलंट भरताना सिस्टिममधली हवा पूर्ण काढावी लागते.

एक सूचना सगळ्यांसाठी. अशा गाडीत कूलंटच्या दोन वेगळ्या टाक्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या भागाची). इन्व्हर्टरची पातळी बघायला लोक विसरतात. गाडी "रेडी"मध्ये ठेवून इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावा. पंप चालू असेल तर कूलंट हललेलं दिसतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये (२००४ ते २००९) हा छोटा पंप बंद पडण्याची तक्रार नेहमीची होती. कोड येतो पी०ए९३, आणि लोक इन्व्हर्टर बदलायला निघतात! पंप आणि त्याचा फ्यूज आधी बघायचा.

भाट्ये_किनारा

रत्नागिरीतून. एसी थंड करेना म्हणून हमरस्त्यावरच्या एसीवाल्याकडून गॅस भरून घेतला. महिन्याभरात डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण आला आणि गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा रेडी होईना. कोड पी०एए६. सर्व्हिस सेंटरने पूर्ण बॅटरी बदलायचा कागद हातात ठेवला. एसीचा आणि याचा संबंध असू शकतो का?

चाकजोड

असू शकतो, आणि हे जितक्या लोकांना कळेल तितकं चांगलं.

पी०एए६ म्हणजे उच्च दाबाची वीज गाडीच्या पत्र्याकडे झिरपतेय, इन्सुलेशन कुठेतरी कमी पडलंय. कुठे, ते हा कोड एकटा सांगत नाही. त्याच्यासोबत तीन आकडी उपकोड असतो. ५२६ म्हणजे फक्त "झिरप आहे". ६११ आला तर एसी कंप्रेसरचा भाग, ६१२ म्हणजे बॅटरीचा, ६१३ म्हणजे ट्रान्सअॅक्सलचा, ६१४ म्हणजे उच्च दाबाच्या डीसी वायरिंगचा. उपकोड न बघता बॅटरी बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे एकच प्रश्न विचारा: "उपकोड कोणता आला?"

हायब्रिडचा एसी कंप्रेसर पट्ट्यावर चालत नाही, तो थेट उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याच्या मोटरची वेटोळी कंप्रेसरच्या तेलात भिजलेली असतात. म्हणून त्यात वीज न वाहणारं खास तेल लागतं. टोयोटात ते एनडी-११ नावाने येतं. रस्त्यावरच्या यंत्रात साध्या गाड्यांचं पीएजी तेल असतं. ते थोडंसं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन ढासळतं. तेच यंत्र, तोच पाइप, त्यात उरलेलं तेलही पुरतं. त्यामुळे गॅस भरायचा तर हायब्रिडसाठी वेगळं यंत्र आहे का हे विचारूनच.

भाट्ये_किनारा

उपकोड ६११ निघाला! म्हणजे बॅटरी नाहीच. कंप्रेसर आणि पाइप धुण्याचा खर्च कमी नाही, पण त्या कागदावरच्या आकड्याच्या मानाने खूपच कमी.

पाना_१०_१२

किनारपट्टीवर आहात म्हणून ब्रेकचं एक सांगतो. या गाड्या वेग कमी करताना मोटरनेच कमी करतात, पॅड फार कमी घासतात. पॅड लाख किलोमीटरपण चालतात आणि मालक खूश. पण न घासल्यामुळं डिस्कला गंज धरतो आणि कॅलिपरच्या पिना खाऱ्या हवेत जाम होतात. एका बाजूचं पॅड झिजलेलं, दुसरं कोरं, असं दिसलं की पिन जाम समजायची. वर्षातनं एकदा, पावसाळा संपल्यावर, कॅलिपर सोडून पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावून घ्या. अमेरिकेत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथंही हेच. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, पण हवा काढायचं काम स्कॅनरशिवाय करू देऊ नका. या ब्रेकमध्ये विजेचा पंप आणि दाबाची टाकी असते, साध्या गाडीसारखं "दाबा-सोडा" करून भागत नाही.

घाटमाथा (नाशिक)

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर दोन शंका. ड्रायव्हरचं दार उघडलं की समोरून "झूंऽऽ" असा आवाज येतो, इंजिन बंद असताना. दुसरं, कसारा घाट उतरताना शेवटी शेवटी इंजिन एकदम ओरडायला लागतं, आणि मी तर अॅक्सिलरेटरला हातही लावलेला नसतो, म्हणजे पायही.

चाकजोड

दोन्ही ठीक आहेत. दार उघडल्यावरचा आवाज ब्रेकच्या पंपाचा, तुम्ही गाडी चालवणार असं समजून तो दाब तयार करतो. काही सेकंदांत थांबला पाहिजे. गाडी उभी असताना ब्रेकला पाय न लावताही तो दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा वाजू लागला तर मात्र दाब टिकत नाहीये. तेव्हा लगेच दाखवा, ब्रेकमध्ये वाट बघायची नसते. तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरवर कंपनीची एखादी रिकॉल मोहीम उघडी आहे का, हेही विचारून घ्या. २०१४ मध्ये टोयोटाने इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरसाठी जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या. असं काम फुकट होतं, आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना त्याची कल्पनाच नसते.

घाटातलं असं, की लांब उतारावर मोठी बॅटरी भरून जाते. मग मोटरला वीज ठेवायला जागा उरत नाही, म्हणून गाडी इंजिन नुसतंच फिरवून वेग धरते. त्यात पेट्रोल जळत नसतं. उतार सुरू होतानाच गिअरचा दांडा "बी"वर (इंजिनाने वेग धरायची जागा) टाकलात तर ब्रेक कमी तापतात. सपाटीवर मात्र "बी"मध्ये चालवू नका, सरासरी पडते.

शिल्पा_न

मोठ्या बॅटरीची काळजी घ्यायला आपल्या हातात काही आहे का? आमच्याकडे दोन कुत्री आहेत, मागच्या सीटवर बसतात, आणि कुणीतरी सांगितलं की केसांमुळे बॅटरी जाते. हे खरं आहे का अतिशयोक्ती?

चाकजोड

अगदी खरं आहे शिल्पाताई, आणि हाच मुद्दा मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचा आहे.

हवेने थंड होणाऱ्या बॅटरीला एक पंखा असतो आणि तो हवा प्रवासी बसतात तिथूनच ओढतो. मागच्या सीटच्या कडेला किंवा सीटखाली जाळी असते. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. त्या जाळीवर पिशवी, चादर, लहान मुलांच्या सीटचं कव्हर आलं किंवा पंख्याच्या पात्यांवर कुत्र्याचे केस आणि धूळ बसली की बॅटरीला हवा मिळत नाही. आपल्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आतून काय तापते ते सगळ्यांना माहीत आहे. बॅटरीचं आयुष्य खाणारी गोष्ट उष्णता आहे. जाळी महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करा. जाळीमागे फिल्टर असेल तर प्रत्येक सर्व्हिसला तो काढून दाखवायला सांगा, आणि पंखा उघडून साफ करायचं काम काही वर्षांनी करून घ्या. मे महिन्यात निघताना आधी दोन मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून मग एसी लावा. गाडी थंड म्हणजे बॅटरी थंड.

आता बॅटरी खरंच थकली आहे का हे कसं ओळखायचं? पडद्यावरची पातळी काही मिनिटांत तळाला जाते आणि तितक्याच झटकन वर चढते, पंखा सतत जोरात चालतो, सरासरी घसरते. कोड पी०ए८० येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं उदाहरण घेऊ. त्यात निकेल-मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल (छोट्या बॅटऱ्या), प्रत्येकात ६ सेल, एकूण १६८ सेल आणि २०१.६ व्होल्ट. संगणक दोन-दोन मॉड्यूलची जोडी करून १४ व्होल्टेज मोजतो. डॉक्टर प्रियससारखं अॅप आणि चांगला ओबीडी अडॅप्टर असेल तर ते आकडे मोबाइलवर दिसतात. गाडी उभी असताना सगळे सारखेच दिसतील, त्यावर जाऊ नका. चढावर जोर द्या आणि बघा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर किंवा जास्त खाली जात असेल तर ती कमजोर. पण बॅटरी उघडून बघणाऱ्याला जोडपट्ट्यांवरची हिरवी बुरशी आधी दाखवायला सांगा. दमट हवेत तिथला गंजच कधी कधी चुकीचं व्होल्टेज दाखवतो.

एकच मॉड्यूल बदलून देणारे स्वस्तात करतात, पण जुन्या मॉड्यूलांमध्ये एक वेगळ्या ताकदीचं आलं की काही महिन्यांत दुसरं कोसळतं. गाडी विकायचीच नसेल तर मला हा खर्च पटत नाही. आणि खर्च करण्याआधी वॉरंटी बघा. भारतात टोयोटा हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देते. अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून १० वर्षं किंवा दीड लाख मैल.

नारिंगी केबलला, बॅटरीच्या झाकणाला घरी हात लावू नका. सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची वीज उतरायला दहा मिनिटं थांबायचं असतं, आणि ते काम १००० व्होल्टचे हातमोजे घालूनच करायचं. यात कुणी धाडस दाखवू नये ही हात जोडून विनंती.

पाना_१०_१२

पावसाळ्याचं राहिलं. गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं असेल तर बटण दाबून "चालू होतेय का बघू" करायचं नाही. आणि टो करताना पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाहीत. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. फ्लॅटबेडच मागवा. उंदरांचंपण बघा. त्या पंख्याच्या नळीत घरटं करतात आणि वायरी कुरतडतात.

मुग्धा_ठाणे

चार्ज केल्यावर पहिल्याच फटक्यात रेडी आली! एक छोटी शंका. घोडबंदरला तासन् तास ट्रॅफिक. मी सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकते. चालतं ना?

चाकजोड

नको. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी तर तिच्यावरच चालू असतो. "डी"मध्ये ब्रेक दाबून थांबा किंवा जास्त वेळ असेल तर "पी" लावा.

एडिसनकर

रात्रभर प्रेशर लावून सकाळी बघितलं. एका पिस्टनचं डोकं चकचकीत, वर कूलंट साचलेलं. दुकानाने गॅस्केट आणि ईजीआर सफाईचा अंदाज दिलाय. हो म्हणण्याआधी त्यांना अजून काय विचारू?

पाना_१०_१२

तीन गोष्टी लेखी घ्या. हेड काढल्यावर ते सपाट आहे का ते स्ट्रेटएज लावून मोजणार का? हेडचे बोल्ट नवीन टाकणार का? आणि हेड निघाल्यावर चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून त्यांची उंची मोजायला सांगा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर रॉड वाकलाय. मग गॅस्केटवर पैसे घालू नका, त्याच दिवशी दुसऱ्या इंजिनाचा भाव विचारा.